दोन रेघा

९ ऑगस्ट

वहिनी,

साष्टांग नमस्कार लिहायला बसले होते, पण हात वळला नाही. तुम्हीही माझ्या नमस्काराची वाट बघत बसला नसाल. तुम्ही दादाचा नंबर बंद केलात, माझाही केलात, म्हणून हे पत्र. पत्राला बंद करायचं बटण नसतं. ते फाडावं लागतं, आणि फाडण्याआधी माणूस वाचतोच.

सोबत कागद आहेत. मुलगी बापाकडे राहील, तिच्या तपासण्या इथल्या दवाखान्यात होतील, आई महिन्यातून दोनदा भेटेल, एवढाच मजकूर आहे. सही करायची तिथे मी पेन्सिलीने फुल्या मारल्या आहेत. दादा स्वतःच पाठवणार होता, पण तुमचा पत्ता लिहायला घेतला की तो पेन आपटून उठतो. रागाने. भलतं काही समजू नका.

आपल्या घरच्या वकीलबाई, तुमची लेक, मजेत आहेत. साडेसात वर्षं पुरी, उंची तीन वर्षांच्या पोरीएवढी आणि जीभ चाळिशीच्या बाईएवढी. परवा शेजारच्या काकूंनी गाल ओढून विचारलं, "काय गं बाळा, बालवाडीत जातेस ना?" तर म्हणाली, "नाही, मी दुसरीत आहे. तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?" काकू तोंडात मारल्यासारख्या निघून गेल्या. आई कुठे आहे असं कोणी विचारलं की 'गावाला' म्हणायचं, हे मी तिला शिकवलंय. ती 'गावाला' म्हणते आणि वर, "कोणत्या गावाला ते आत्याला विचारा," असंही जोडते.

औषध बंद होऊन तीन महिने झाले. दर मंगळवारी सकाळी अजून ती पलंगावर बसून डावा हात पुढे करते, सुई टोचायला. वर्षभराची सवय. ते चार तास थेंब थेंब आत जायचं आणि तुम्ही शेजारी बसून गोष्टी वाचायचात, सगळ्या पात्रांचे आवाज काढून. मला आवाज काढता येत नाहीत.

तुम्हाला दोष देऊन आता काय होणार, पण दिल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या चाचणीत पोरगी सहा मिनिटांत एकशे अठ्ठ्याहत्तर मीटर चालली, म्हणून तिला दुर्मिळ आजारांच्या सरकारी योजनेतून औषध मिळालं. वर्षाने बाहेरचा परीक्षक येणार, पुन्हा चालवणार, आणि आकडा खाली गेला तर औषध बंद, हे आपल्या घरातल्या भिंतींनाही पाठ होतं. आणि नेमकं त्या दिवशी तुम्ही तिच्या पायात कोरे करकरीत बूट घातलेत! पाचव्या मिनिटाला ती बूट ओढत उभी राहिली. एकशे पासष्ट. तेरा मीटर तुमच्या बुटांनी खाल्ले. दादा तुम्हाला सगळ्यांदेखत जे बोलला ते बोलायला नको होतं, असं मी त्याला म्हटलंही. पण नंतर म्हटलं. तेव्हा मी गप्प होते.

सह्या करून लवकर पाठवा.

तुमच्या मुलीची आत्या


४ सप्टेंबर

वहिनी,

कागद परत मिळाले. सही नाहीच, वर माझ्या फुल्यासुद्धा खोडरबराने पुसून पाठवल्यात. टापटीप तुमची पहिल्यापासूनची. सोबत चिठ्ठी दीड ओळीची: "पहिल्या चाचणीचा मूळ कागद मला बघायचाय. मी दाराबाहेर उभी होते. फेऱ्या मोजत होते."

वहिनी, दाराबाहेर उभं राहून फेऱ्या मोजता येत नाहीत. त्याची एक रीत असते. तीस मीटरचा कॉरिडॉर, दोन्ही टोकांना केशरी शंकू, जमिनीवर मीटरच्या खुणा, एका हातात घड्याळ, दुसऱ्या हातात कागद. एका शंकूपासून दुसऱ्यापर्यंत मूल पोचलं की एक रेघ. मिनिटामिनिटाला काय बोलायचं तेसुद्धा ठरलेलं. "छान चाललंय. अजून पाच मिनिटं." "छान चाललंय. अजून चार." त्यापुढे 'शाबास बेटा' म्हटलं तरी चाचणी बाद. सतरा वर्षं मी हे काम करते आहे. तुम्ही मला मोजायला शिकवू नका, आजीला बाळंतपण शिकवल्यासारखं होतं.

संशय घ्यायचाच तर आधी मागचं आठवा. कान वाहतात म्हणून कानाच्या डॉक्टरकडे, बेंबी फुगली म्हणून पोटाच्या, पाठ वाकली म्हणून हाडांच्या. प्रत्येकाने आपापला तुकडा बघितला, अख्खी पोर कोणी बघितली नाही. हाडांवाल्याने मुडदूस ठरवून वर्षभर कॅल्शियम पाजलं. आणि बोटं उघडत नाहीत म्हणून घरचीच फिजिओथेरपिस्ट, मी. आठ महिने रोज मी तिची बोटं ओढून सरळ करत होते. ती किंचाळायची आणि मी म्हणायचे, "नखरे नकोत." तुम्ही स्वयंपाकघरात नळ सोडून उभ्या राहायचात, आवाज ऐकू येऊ नये म्हणून. मला दिसायचं ते.

शेवटी आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा तळहात नुसता हातात घेतला आणि अर्ध्या मिनिटात म्हणाल्या, लघवी आणि रक्त तपासायला द्या. महिन्याने कळलं. पेशीतला कचरा मोडणारं एक एंझाइम तिच्यात जन्मापासूनच नाही. कचरा साचतोय: हाडांत, डोळ्यांत, हृदयाच्या झडपांत, मानेत. डोकं मात्र शाबूत राहील. "तिला सगळं कळत राहील," असं त्या म्हणाल्या, आणि ती चांगली बातमी म्हणून सांगितली.

दादाने विचारलं, कोणाकडून आलं? त्या म्हणाल्या, दोघांकडून. एकट्याच्याच रक्तात असतं तर पोरीला काही झालंच नसतं. तरी घरी आल्यावर दादा म्हणालाच, "आमच्या घराण्यात असलं काही नाही." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी दवाखान्यातली, मला सगळं ठाऊक, मी बोलेन असं तुम्हाला वाटलं असणार. मी ताटं घ्यायला उठले.

मूळ कागद दवाखान्याच्या बाहेर नेता येत नाही. विषय संपला.

तुमच्या मुलीची आत्या

ता. क. तुम्ही किती फेऱ्या मोजल्या होत्या, ते चिठ्ठीत लिहिलं नाहीत.


२३ ऑक्टोबर

वहिनी,

तुमचं उत्तर दोन आठवडे कपाटात कपड्यांखाली ठेवलं होतं. "चौथी फेरी पुरी झाली नव्हती." एवढंच लिहिलंत. शिवी दिली असतीत तर बरं झालं असतं.

तुम्ही बरोबर मोजलंत. चौथ्या फेरीत शंकूला दोन मीटर कमी पडले होते. आता लिहून टाकते, नाहीतर हात पुन्हा मागे येईल. तुमची मुलगी पहिल्या चाचणीत एकशे अठरा मीटर चालली. कागदावर तीन रेघा होत्या आणि वरचे अठ्ठावीस मीटर. मी पाच रेघा केल्या.

योजनेत शिरायला दीडशे मीटर लागतात. मुळात मी त्या चाचणीला उभं राहायलाच नको होतं. नात्यातलं मूल असेल तर दुसऱ्याने मोजायचं, असा नियम आहे. पण दुसरं शिकलेलं माणूस विभागात नव्हतं, ते येईपर्यंत चार महिने गेले असते, आणि नातं मी कोणाला सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी तिला पढवलं, "उद्या मला आत्या म्हणायचं नाही." तिने पाळलं. सहा मिनिटं एकदासुद्धा चुकली नाही. ओठ निळसर पडले होते, तरी माझ्याकडे बघून हसत होती, आमचं दोघींचं गुपित म्हणून. ती खुर्चीत बसली आणि मी एक रेघ वाढवली. एकशे अठ्ठेचाळीस झाले. दोन मीटर कमी. म्हणून दुसरी वाढवली.

तेव्हा मला वाटलं, तिला खरा जन्म आज मी दिला. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, तुमच्याकडे बघून मनात तसंच म्हटलं होतं.

वर्षाने परीक्षकाने एकशे पासष्ट म्हटलं तेव्हा तुम्ही तोंडावर पदर घेतलात, दादा भिंतीला टेकला, डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. औषध लागू पडलंय, पोर आधीपेक्षा जास्त चालली आहे, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तुमच्या बुटांनी काहीही खाल्लं नव्हतं. पण दादाने बूट उचलून भिंतीवर मारले आणि मला, देवाशपथ सांगते, हायसं वाटलं. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं.

मग आता सांगून का टाकत नाही? कारण सांगून काय होणार! पहिला आकडा खोटा म्हटलं की खरा एकशे अठरा. म्हणजे ती योजनेत बसतच नव्हती. हे दार उघडायला जावं तर ते बंद. माझी नोकरी जाईल ती जाईल, पण पोरीला काय मिळणार? म्हणून हात जोडून सांगते, दादाला कळवू नका, दवाखान्यात कळवू नका. परवा ती न्हाणीघरात पडली. आता भिंत धरून चालते. जिन्याच्या तीन पायऱ्या बसून उतरते आणि वर म्हणते, "पायऱ्यांना सांगा, तुमची केस पुढच्या तारखेला." तुमच्याशी फोनवर बोलायचं म्हणते. दादा नाही म्हणतो.

आत्या


२८ नोव्हेंबर

वहिनी,

शेवटी तुम्ही डॉक्टरीणबाईंना लिहिलंतच, माझं पत्र जोडून. चांगलं केलंत म्हणायची ताकद नाही आणि वाईट केलंत म्हणायला तोंड नाही.

त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. फाइलमधून तो कागद काढून टेबलावर सरकवला. तीन रेघा बारीक, दोन जाड. शाई एकच, पण हात दाबला गेला होता. दीड वर्षात कोणी बघितलं नाही, कारण बघायचं कोणाला सुचलं नाही.

"त्या दिवशी मुलीचं वय काय होतं?" त्यांनी विचारलं.

"सहा वर्षं दोन महिने."

त्यांनी योजनेची नियमांची वही उघडली. पहिली पानं नाही, अगदी शेवटचं पान, जिथे बारीक अक्षरात टिपा असतात. बोट ठेवून मला मोठ्याने वाचायला लावलं. सात वर्षांखालच्या मुलांना किमान अंतराची अट नाही. मूल जेवढं चालेल तेवढं लिहायचं आणि तिथून पुढे मोजायचं.

"एकशे अठरा चाललं असतं," त्या म्हणाल्या. "नुसतं अठरासुद्धा चाललं असतं. कळतंय का तुम्हाला? तुम्ही नियम मोडलात तो नियम तिला लागूच नव्हता."

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी खिडकीकडे बघितलं. म्हणाल्या, "औषध थांबल्या थांबल्या येऊन हे बोलला असतात तर मी दुसऱ्या मंगळवारी सुरू केलं असतं."

आता मी मोजलेल्या तेवीसही मुलांचे आकडे संशयात आले आहेत. सगळ्यांची फेरचाचणी होईल, तोवर सगळ्यांचंच औषध थांबवलंय. बाकीच्या बावीस मुलांचे आकडे खरे आहेत, एकाही मीटरचा फरक नाही, पण माझ्या शब्दाला आता कोण विचारतो. काल दवाखान्याच्या पायऱ्यांवर एका बाईने मला अडवलं. तिच्या दोन्ही मुलांना हाच आजार आहे. आवाज न चढवता म्हणाली, "तुमच्या घरचं एक वाचवायला आमची बावीस घातलीत ना?" आमचं एकही वाचलं नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

दादालाही मीच सांगितलं. जेवत होता. घास खाली ठेवून म्हणाला, "हे तिने तुझ्याकडून लिहून घेतलंय."

"दादा, अरे, अक्षर माझं आहे. कागद माझा आहे."

"तू भोळी आहेस. तिला परत घरात घुसायचंय, म्हणून तुला बळीचा बकरा केलाय."

आणि जेवायला लागला. सहा महिने त्याने सगळा राग तुमच्या नावावर साठवलाय, वहिनी. आता तो कुठे हलवणार? दुसरी जागा म्हणजे एक मी आणि एक तो स्वतः. त्याला तुम्हीच सोयीच्या आहात.

आत्या


२२ जानेवारी

वहिनी,

दादाने तुम्हाला गुरुवारचं तिकीट पाठवलंय, ते मिळालं असेल. सोबत चिठ्ठी नसेल. त्याला माफी मागता येत नाही, लहानपणी आईने मारूनही यायची नाही. डॉक्टरीणबाईंनी कागद त्याच्यासमोर धरला तेव्हा त्याने रेघांवरून अंगठा फिरवला आणि खुर्चीत बसला. घरी आलो. दारात म्हणाला, "तिला बोलावून घे." मी म्हटलं, "तू बोलाव." तेव्हा त्याने तिकीट काढलं.

योजनेच्या समितीने खरा आकडा मान्य केला. पुढच्या मंगळवारपासून औषध सुरू. तुम्ही आनंदाने धावत याल, म्हणून बाकीचं आत्ताच सांगते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती चालत नाही. मानेतल्या हाडांनी आणि साचलेल्या कचऱ्याने मज्जारज्जू दाबला गेलाय. मानेची शस्त्रक्रिया करायची आहे, श्वास आणि हात वाचावेत म्हणून. पायांचं मी विचारलं. सर्जन म्हणाले, पायांसाठी उशीर झालाय. भूल देण्यातही धोका आहे, तिचा घसा अरुंद झालाय. शस्त्रक्रियेला आई आणि बाप दोघांच्या सह्या लागतात.

तुम्ही याल तेव्हा मी घरात नसेन. नोकरी गेलीच आहे. खोली बघितली आहे.

एक सांगायचं राहिलंय. डॉक्टरीणबाईंना मी म्हटलं की त्या टिपेचं मला माहीत नव्हतं. चाचणीच्या दिवशी खरंच माहीत नव्हतं. पण सत्तावीस जूनला माहीत झालं. विभागात नवी मुलगी आली, तिला शिकवायला म्हणून मी ती वही पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. म्हणजे ऑक्टोबरच्या पत्रात मी तुम्हाला बंद दाराचं जे लिहिलं ते सगळं मला उघडं दिसत असताना लिहिलं. त्या दिवशी घरी आले आणि गच्चीवर दोन खुर्च्या मांडून वकीलबाईला चालवलं. औषध बंद होऊन सात आठवडे झाले होते. एकशे चव्वेचाळीस मीटर चालली. मी चार ओळींची कबुली लिहिली, अकरा दिवस पर्समध्ये घेऊन फिरले आणि फाडली.

नोकरीसाठी नाही फाडली. तुम्हाला तसं वाटेल, आणि तसं वाटू द्यावं असा मोहही झाला. तुम्ही बारा जूनला गेलात. तोवर त्या घरात मी कोण होते? नवऱ्याने टाकलेली बहीण, मागच्या खोलीत राहणारी, पाहुणे आले की आत जाणारी. तुम्ही मला कधी काही बोलला नाहीत, उलट पहिली वाटी माझ्यासमोर ठेवायचात, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. तुम्ही गेल्यावर तुमची मुलगी माझ्याजवळ झोपायला लागली. वेणी माझ्याकडून घालून घ्यायला लागली. दादा एकदा म्हणाला, "तू नसतीस तर आमचं काय झालं असतं?" असं मला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. कबुली दिली असती तर दादाला तुम्हाला परत आणावं लागलं असतं. एकीकडे तिचे पाय होते आणि दुसरीकडे ती रोज वेणीसाठी माझ्यापुढे पाठ करून बसते ते. मी दुसरं ठेवून घेतलं. अजाणता नाही, वहिनी. अकरा दिवस विचार करून.

काल तिला सगळं सांगितलं. तुम्ही सांगण्याआधी मीच सांगावं असं वाटलं. ती उशीला टेकून ऐकत होती. मग उलटतपासणी सुरू झाली.

"पहिल्यांदा खरे किती?"

"एकशे अठरा."

"आणि त्या काकांनी मोजले तेव्हा?"

"एकशे पासष्ट."

तिची बोटं आता मोजायला उघडत नाहीत. ओठ हलवून वजाबाकी केली.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. "म्हणजे मी खूपच जास्त चालले होते."

मी हो म्हटलं.

"आणि तू मला म्हणालीस, थोडा जोर लावला असतास तर औषध राहिलं असतं."

ते मी म्हटलं होतं. निकालाच्या दिवशी, घरी येताना, तिला कडेवर घेऊन. कुणालाच ठाऊक नाही ते, तुम्हालाही आज पहिल्यांदा सांगते. सगळे बुटांना बोलत होते तेव्हा मी तिच्या कानात हे म्हटलं होतं, आणि तिने ते नऊ महिने कोणाला सांगितलं नाही. रोज एकटीच भिंतीला धरून फेऱ्या मारायची, ते का, हे मला काल कळलं.

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. वेणी घातलेली नाही. तहान लागली की बापाला हाक मारते, आणि तो घरात नसला तर तशीच बसून राहते. मी पेला तोंडाशी नेला तर ओठ मिटून घेते. दादाला दिवसभर काम असतं. जमलं तर गुरुवारची वाट बघू नका, बुधवारीच या.